खिशातील चावडी

बिऱ्हाड मुलुंडात आणि जमीन जुन्नर तालुक्यात अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांस पूर्वी एका सातबाऱ्याच्या उताऱ्याकरिता केवढी यातायात करावी लागे, हे हल्लीच्या मुलांस सांगूनही खरे वाटत नाही. पहाटेची लोकल धरून कल्याण गाठावयाचे. तेथून एस. टी. ने मुरबाड, टोकावडे करीत माळशेजचा घाट चढावयाचा. मढ व उदापूर मागे टाकून ओतूरला उतरावयाचे आणि पुढे मिळेल त्या वाहनाने, न मिळाल्यास पायी, गाव गाठावयाचे. इतके करून सज्जावर जावे तो दाराला कुलूप! शेजारचा दुकानदार तंबाखू मळीत सांगे की, भाऊसाहेब आज तालुक्याला गेले आहेत, उद्या या. म्हणजे मुक्काम आला, दुसऱ्या दिवसाची रजा आली, आणि पदरी पडावयाचा तो एक कागद. तो घेऊन परत मुलुंडास यावे, तर ज्या कामासाठी आणला तेथील माणूस म्हणे की, हा तीन महिन्यांपूर्वीचा आहे, नवा आणा.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यातील निवृत्त अव्वल कारकून आहे. शिक्षण मराठी शाळेतले, बाकीचे दप्तराने शिकविले. त्यामुळे खिडकीच्या आतला आणि बाहेरला असे दोन्ही अनुभव माझ्या गाठी आहेत. आत बसून "उद्या या" हे शब्द मीही लोकांस ऐकविले आहेत. त्याच्या मुळाशी प्रत्येक वेळी आळस किंवा लोभच असे, असे नाही. कधी नोंदवही वरिष्ठांकडे गेलेली असे. कधी नक्कल लिहिणारा एक आणि मागणारे चाळीस, असा प्रकार असे. परंतु कारण कोणतेही असले तरी बाहेरच्या माणसाचा दिवस बुडे तो बुडेच. त्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब कोणत्याही नमुन्यात लिहिला जात नसे.

आज तोच उतारा मुलुंड स्टेशनच्या बाकावर बसून, गाडी येईपर्यंतच्या वेळात मोबाइलवर मिळतो. 2018 च्या 1 मेपासून आपल्या राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याची फी 15 रुपये असून तीही मोबाइलवरूनच भरता येते. नुसता पाहण्यासाठी म्हणून जो उतारा फुकट दिसतो तो माहितीपुरता असतो, त्यावर कोणाची सही नसते; तो छापून कोठे दाखल केल्यास परत येईल. हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि मग ते मोबाइलला दोष देतात. स्वाक्षरीच्या उताऱ्यावर पडताळणीचा क्रमांक असतो. तो घालून पाहिले असता उतारा खरा की बनावट हे समोरचा अधिकारी स्वतःच्या मेजावर बसून ताडून पाहू शकतो. शिक्का उमटला नाही, शाई पुसट झाली, गोल शिक्क्याऐवजी चौकोनी बसला, असल्या सबबींवर कागद परत करण्याची सोय त्यामुळे गेली. मी जन्मभर शिक्के मारले. मला त्याचे वाईट वाटत नाही.

आपल्या संघाच्या सभासदांपैकी बरेच जण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या बाजूस राहतात आणि त्यांची शेती जुन्नर-आंबेगावात, साताऱ्याकडे किंवा कोकणात असते. गोराई-मनोरीसारख्या ठिकाणी आजही स्वतःच्या वाडीत भाजीपाला करणारे थोडे लोक आहेत. परंतु उपनगरातील बहुतेक जमिनीवर आता पीक उभे राहत नाही, इमारत उभी राहते, आणि तिचा कागद सातबारा नसून मिळकत पत्रिका असतो. तीही मोबाइलवर पाहता येते. तेव्हा उपनगरवासी शेतकरी हा एक निराळाच वर्ग आहे. त्याचा देह एकीकडे, जमीन दुसरीकडे. या वर्गास स्मार्टफोनचा जितका उपयोग आहे तितका, माझ्या मते, गावातच राहणाऱ्यालाही नाही. मात्र त्याचा उपयोग करून घेण्यात याच वर्गाची हयगय अधिक आहे, आणि त्या हयगयीचे प्रायश्चित्त मी स्वतः घेतलेले असल्यामुळे हा लेख लिहीत आहे.

नित्याच्या सोयींविषयी फारसे लिहीत नाही, कारण त्या सर्वांच्या अंगवळणी पडल्या आहेत. 2014 च्या अखेरीस मुंबईच्या लोकलचे तिकीट मोबाइलवर मिळू लागले, आणि 2025 च्या जुलैत रेल्वेने 'रेलवन' हे नवे ॲप काढले. खिडकीपुढच्या रांगेत सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी त्यामुळे पुष्कळ कमी झाली. यूपीआय नावाची जी पैसे देण्याघेण्याची पद्धत 2016 साली सुरू झाली, ती चालविणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मुख्य कचेरी आपल्याच उपनगर जिल्ह्यात, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तेथून निघालेली ही पद्धत आज आमच्या घराखालच्या मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या बाईच्या टोपलीपर्यंत येऊन पोचली आहे. टोपलीच्या कडेला तिने चौकोनी ठिपक्यांची पाटी बांधली आहे. ती म्हणते, "पैसे बँकेत जातात, म्हणून संध्याकाळी घरी कोणी मागत नाही." या एका वाक्यात मोठा संसार आहे.

एक आठवण सांगतो. 2005 च्या 26 जुलै रोजी सांताक्रुझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस उपनगरातील कोणीही विसरणार नाही. मी त्या रात्री कचेरीच्या पायऱ्यांवर बसून काढली. घरी कळविण्यास मार्ग नव्हता. कचेरीत ज्या एका साहेबांजवळ मोबाइल होता तो मुका झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत घरी पोचलो तो आईने पाण्यात देव घातलेले. आज पावसाळ्यात घरातून निघण्यापूर्वी गाड्या चालू आहेत की नाहीत हे मुलगा मोबाइलवर पाहतो, आणि तसा पाऊस असल्यास निघतच नाही. असो.

आता मुख्य विषयाकडे वळतो.

सातबारा हा दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची व तिच्यावर कोणाचे काय हक्क आहेत हे असते, आणि गाव नमुना बारामध्ये तिच्यात काय उभे आहे हे असते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली आला. तेव्हापासून लोकांचे सारे लक्ष सातवर. भाऊबंदकी सातवरून, खून सातवरून. बाराकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. हंगामात तलाठ्याने शिवारात फिरून पीकपाहणी करावी असा नियम होता. काही तलाठी खरोखर बांधाबांधाने फिरत, आणि अशांची अक्षरे व आकडे पाहून आम्हां कारकुनांस आदर वाटे. पण एकेका सज्जात तीन-तीन, चार-चार गावे. तेव्हा कित्येक नोंदी चावडीतच, समोर बसलेल्या चौघांस विचारून होत. गतवर्षी बाजरी होती, यंदाही बाजरीच असेल! प्रत्यक्षात तेथे टोमॅटोच्या काठ्या उभ्या असत. त्याने कोणाचे बिघडत नसे, म्हणून कोणी तक्रारही करीत नसे.

2021 च्या 15 ऑगस्टपासून ही पाहणी राज्यभर शेतकऱ्याच्या स्वाधीन करण्यात आली. तिचे नाव ई-पीक पाहणी. मोबाइलवर ॲप उतरवून घ्यावयाचे, आपले गाव व खाते निवडावयाचे, गट, हंगाम, पीक, क्षेत्र, पाण्याचे साधन आणि लागवडीची तारीख भरावयाची, आणि शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावयाचे. ते छायाचित्र कोणत्या जागी काढले हे मोबाइल आपणच आकाशातील उपग्रहांवरून ठरवितो. म्हणून मुलुंडात बसून जुन्नरचे पीक नोंदविता येत नाही. कोणी तरी आपल्या गटात जाऊन उभे राहिलेच पाहिजे.

आमच्या घरी गावची शेती धाकटा भाऊ पाहतो. 2022 च्या पावसाळ्यात आमच्या गटात सोयाबीन होते. त्याची नोंद पुतण्याने सुट्टीत आला असता आपल्या मोबाइलवरून केली. मी मनात म्हटले, झाले, काम निर्वेध पार पडले. सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात रांगडा कांदा लावला. पुतण्या पुण्यास परत गेलेला, भावाजवळ बटणांचा साधा मोबाइल, आणि मी मुलुंडात. कांदा लावल्याचे मला फोनवर कळले होते. नोंदीचे मात्र मी विचारले नाही. ज्याने तीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्यांचे उतारे तपासले त्याने स्वतःच्या उताऱ्याचा रकाना कोरा राहू दिला! दिव्याखाली अंधार तो हाच.

2023 च्या फेब्रुवारी-मार्चात कांद्याचा भाव कसा कोसळला हे या वाचकांस सांगावयास नको. आमच्या 62 क्विंटल मालास क्विंटलला पाचशेच्या आतबाहेर पडले. त्यात काढणी, गोण्या, गाडीभाडे व तोलाई वजा जाता हाती काय राहिले ते लिहिण्यासारखे नाही. त्या वेळी सरकारने 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात बाजारात विकलेल्या लाल कांद्यास क्विंटलला 350 रुपये, एका शेतकऱ्यास जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. आमच्या वाट्यास 21,700 रुपये येत होते. बुडत्याला काडीचा नव्हे, चांगल्या फळीचा आधार. अर्जासोबत विक्रीची पट्टी, बँकेचे पुस्तक आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा जोडावयाचा होता.

भावाचा फोन आला. "दादा, उताऱ्यावर तर कांदाच दिसंना."

मी मुलुंडात मोबाइलवर उतारा उघडून पाहिला. खरीप, सोयाबीन. त्यापुढे काही नाही. कांदा निघून गेलेला, रान नांगरून पडलेले. आता छायाचित्र कशाचे काढावयाचे? त्या क्षणी माझ्या मनास जे वाटले ते असे की, तलाठी चुकला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते, अर्ज केला असता, कलम 155 खाली लेखनदोष दुरुस्त करावयास लावला असता. येथे लेखनदोषही नव्हता. लिहावयाचे काम आमचे होते आणि आम्ही ते केलेच नव्हते.

हजारो लोकांची हीच गत झाली असल्याने ओरड झाली, आणि पुढे सरकारने तोड काढली की, ज्यांच्या उताऱ्यावर नोंद नाही त्यांच्याबाबत तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्या गावसमितीने खात्री करून दाखला द्यावा. ऐकावयास सोपे. परंतु तिघांना एका दिवशी एका जागी गाठणे म्हणजे काय, हे गावात राहिलेल्यासच कळेल. भावाने आडत्याच्या पट्ट्या, रोपांची पावती, शेजाऱ्यांचे जबाब, सर्व गोळा केले. ओतूर, जुन्नर, पुन्हा ओतूर, असे त्याचे नऊ दिवस मोडले. पैकी दोन दिवस पेरणीच्या ऐन वाफशातले. अनुदान मिळाले, नाही असे नाही, पण ते हप्त्याहप्त्याने व पुष्कळ उशिरा. शेतात उभे राहून नोंद करावयास दहा मिनिटे लागली असती. तेव्हाच्या दहा मिनिटांची किंमत पुढे नऊ दिवसांनी चुकती केली.

या प्रकारात मोबाइल वाईट ठरतो की चांगला, असा प्रश्न मला एका सभासदाने विचारला. माझे उत्तर असे आहे की, मोबाइलने कामाचा बोजा कमी केला नाही, तो एका खांद्यावरून दुसऱ्यावर आणला. चावडी कुलपात असे तेव्हा चूक झाली तर दोष देण्यास एक माणूस होता. (त्याचे नावही आता तलाठी राहिले नाही, 2024 पासून तो ग्राम महसूल अधिकारी झाला आहे.) आता चावडी आपल्या खिशात आली आहे. ती उघडली तर हेलपाटा वाचतो, आणि न उघडली तर दाराला कुलूप लावून निघून गेलेले भाऊसाहेब आपणच असतो.

म्हणून उपनगरात राहणाऱ्या सभासदांनी आपल्या गावी एक माणूस आणि एक चांगला मोबाइल यांची जोडी बसवून ठेवावी. तो मोबाइल आपल्याच घरचा असला पाहिजे असे नाही. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. भरताना चूक झाली तर 48 तासांच्या आत खातेदारास ती दुरुस्त करता येते. पुढे ते हातचे जाते. मुदतीत जे भरीत नाहीत त्यांची नोंद गावच्या सहायकाकडून करवून घेण्याची व्यवस्था सरकारने ठेविली आहे, पण सहायकाला तुमच्या रानाच्या कोपऱ्यातील दहा गुंठे गवार दिसेलच असे नाही. आंतरपीक असल्यास मुख्य कोणते व दुय्यम कोणते हे ज्याने पेरले त्यासच नीट ठाऊक. एका हंगामात दोन पिके घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. आमचे वाटोळे तेथेच झाले. सामाईक खाते असेल तर भाऊ-भाऊ एकमेकांवर विसंबतात आणि दोघेही भरीत नाहीत, हाही नित्याचा अनुभव आहे.

बाराविषयी इतके. सातविषयी एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या परिचयाची एक बाई घाटकोपरला राहते. वडील गिरणीत होते. जमीन कोकणात, फार नाही, पण डोंगरउताराची चार आंब्यांची बाग आहे. वडील वारल्यावर गावी राहणाऱ्या भावांनी वारसनोंदीचा अर्ज दिला आणि त्यात दोघी बहिणींची नावे घातलीच नाहीत. त्यापूर्वी एकदा हक्कसोडीच्या कागदावर सही मागितली होती, ती बाईने दिली नव्हती. कायदा असा की, फेरफाराची नोंद झाली म्हणजे ती चावडीवर लावावयाची, हितसंबंधितांस नोटीस द्यावयाची, आणि पंधरा दिवसांत कोणाची हरकत न आल्यास ती मंजूर व्हावयाची. हरकत आली तर ती तक्रारींच्या नोंदवहीत जाऊन दोन्ही बाजू ऐकल्यावर निर्णय होतो. परंतु चावडीच्या दारावर डकविलेला कागद घाटकोपरच्या माणसाने वाचावा कसा? अर्जात जिचे नावच नाही तिला नोटीस जावी कशी? अशा किती बहिणींचे हक्क दारावरच्या त्या पंधरा दिवसांत वाळून गेले असतील, ते मी दप्तरात पाहिले आहे. सही करताना माझा हात थांबला नाही, कारण कागदोपत्री कोणाची हरकत नसे.

हल्ली फेरफाराच्या या नोटिसा 'आपली चावडी' या नावाने सरकारच्या महाभूमीच्या पानावर सर्वांस पाहता येतात. बाईच्या मुलीने गावाचे नाव निवडून सहज पाहिले तो आजोबांचे नाव, आणि त्याखाली दोन मामांचीच नावे. अकरावा दिवस होता. दोघी त्याच रात्रीच्या गाडीने गेल्या आणि तेराव्या दिवशी लेखी हरकत दाखल झाली. मुलींस मुलांबरोबरीचा वाटा देणारी सुधारणा 2005 सालचीच; पण हक्क कायद्यात असणे आणि पंधरा दिवसांत सांगितला जाणे यांत अंतर होते, ते त्या मुलीच्या मोबाइलने बुजविले. प्रकरण पुढे आपसात मिटले आणि चौघांचीही नावे लागली. बहीण-भावांचे येणेजाणे अद्याप पहिल्यासारखे नाही, असे ऐकतो. ती जखम मोबाइलने बुजत नाही.

माझी सर्व सभासदांस विनंती आहे की, महिन्यातून एकदा आपल्या गावाची ही चावडी उघडून पाहावी. शंका घेण्यासाठी म्हणून नव्हे. दाराची कडी लागली आहे ना हे निजण्यापूर्वी आपण पाहतो, तसे. त्याच वेळी आठ-अ चा खाते-उताराही पाहून घ्यावा. जुने हस्तलिखित सातबारे संगणकावर चढविताना नावांत व क्षेत्रांत चुका राहून गेल्या आहेत. वडील हयात असतानाच त्या ध्यानात आल्या तर दुरुस्ती सोपी जाते.

शेतीच्या इतर उपयोगांपैकी दोनच सांगतो. पहिला, विजेविषयी. 'दामिनी' नावाचे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले आहे. आपण असू त्या जागेच्या आसपास वीज कोसळण्याचा संभव असल्यास ते इशारा देते. वळवाच्या पावसात शेतावर असलेला माणूस आंब्याच्या झाडाखाली आडोशास जातो आणि तेथेच घात होतो. म्हणून माझ्या भावाच्या मोबाइलवर मी ते पहिल्याप्रथम घालून दिले. दुसरा, रोगाविषयी. कांद्याच्या पातीवर जांभळट डाग दिसले की पूर्वी दुकानदार देईल ती बाटली फवारली जाई. आता पातीचे छायाचित्र नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांस दाखविता येते. राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय तर आमच्याच जिल्ह्यात आहे, पण मोबाइल येईपर्यंत ते आम्हांस विलायतेइतके लांब होते.

बाजारभावाचे मात्र मला फारसे कौतुक वाटत नाही. ओतूर, आळेफाटा, चाकण, लासलगाव, वाशी, सगळीकडचे आकडे भाऊ आता गाडी भरण्यापूर्वी पाहतो. त्याने एवढे झाले की, कोणी थाप मारीत नाही. पण भाव कळणे निराळे आणि भाव मिळणे निराळे. 2023 मध्ये पाचशेचा आकडा आम्हांस आदल्या रात्रीच कळला होता.

आणि सावधगिरीचा एक शब्द. गेल्या वर्षी मला एक फोन आला की, तुमचे विजेचे बिल थकले आहे, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अमुक ॲप ताबडतोब उतरवून घ्या. बोलणाऱ्याची भाषा इतकी कचेरीची होती की, मी, कचेरीतच केस पांढरे केलेला माणूस, चष्मा शोधू लागलो. सूनबाईने मोबाइल हातातून काढून घेतला म्हणून निवृत्तीची रक्कम वाचली. पैसे घेण्यासाठी आपला गुप्त आकडा कधीही घालावा लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. एवढे एक सूत्र गावी वडीलधाऱ्यांस पुनःपुन्हा सांगावे. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नये. 1930 या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम मध्येच अडविण्याचा संभव असतो, आणि तेथे घटकेघटकेला महत्त्व आहे.

हेलपाटे वाचले यात संशय नाही. मात्र त्या हेलपाट्यांच्या निमित्ताने वर्षातून पाच-सहा वेळा गावी जाणे होई, चुलतीच्या हातची बाजरीची भाकरी मिळे, बांधावरून एक फेरी होई, तेही कमी झाले. कागदासाठी जाणे संपले तेव्हा मला कळले की, मी नुसता कागदासाठी जात नव्हतो.

गेल्या खरिपात मुलाचा जुना स्मार्टफोन मी भावाकडे पाठवून दिला. एका दुपारी त्यावरून त्याचा चेहरा दिसणारा फोन आला. मागे हरिश्चंद्रगडाकडून ढग उतरत होते. पुतण्या आपल्या मोबाइलवर पाहणी भरीत होता आणि ॲप छायाचित्र स्वीकारीत नव्हते. मी मुलुंडच्या गॅलरीत बसून गटाचा नकाशा पुढे धरला आणि म्हटले, "तुम्ही शेजारच्या गटात उभे आहात. ओढ्याकडे पंधरा पावले या." ते आले. छायाचित्र निघाले. सोयाबीन 40 आर, भुईमूग 12 आर. मग बांधावरच्या झाडांचा रकाना आला. आमच्या बांधावर आबांनी लावलेले दोन आंबे आहेत. चाळीस वर्षे ते उभे आहेत, पण कोणत्याही उताऱ्यावर मी ते कधी पाहिले नव्हते. भावाने विचारले, "दादा, ही कुणाच्या नावानं घालायची?"

"झाडे खात्यावर पडतात," मी सांगितले. "संख्या दोन भर."

त्याने पुतण्याकडून दोन भरून घेतले.